टापूचा डोंगा

मूल,
१० जून २०२५

रुखमे,

सलाम घे आणि आधी दार लावून घे. ईदचे पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आता कुठे निवांत बसले आहे. फोन न करता पत्र का लिहिते, ते तुला ठाऊक आहे. तुमच्याकडे फोन वाजला की सोमाजीभाऊ उचलतात, स्पीकर लावतात आणि अर्धा सडकटोला ओसरीवर गोळा होतो. मागच्या वेळी तुला माझ्या गुडघ्याचं सांगितलं, तर त्याच आठवड्यात कुरखेड्याच्या बाजारातून कुणीतरी मला तेलाची बाटली पाठवली. तेल चांगलं होतं, पण ही काय रीत झाली?

तर गोष्ट अशी की तुझ्या नातीसाठी, रीतासाठी, मुलगा पाहिला आहे. प्रणित नाव, फोटो सोबत ठेवला आहे. इथे मूलला राइस मिलमध्ये मशीनवर आहे, गावाकडे धानाची शेती आहे. घरी आई आणि आजोबा, नानाजी. तुमच्यातलेच आहेत. दिसायला माझ्या नबीलपेक्षा बरा आहे, हे नबीलला कळू देऊ नकोस. मी त्या घरात कितीतरी वर्षं बांगड्या भरते आहे आणि घर कसं आहे हे मला बायकांच्या हातांवरून कळतं. काही घरांतून दर महिन्याला बोलावणं येतं, भांडी आपटून आपटून बांगड्या वाढवलेल्या असतात. प्रणितच्या आईच्या हातात मी दिवाळीला भरलेल्या बांगड्या अक्षय तृतीयेला जशाच्या तशा असतात. रीता अशाच घरात जावी असं मला वाटतं. तिचे आईबाप तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून आधी तुलाच लिहिते.

एक सांगायचं राहिलं. त्यांच्या गावाचं नाव टापू आहे. तू नावावर जाऊ नकोस. पाणीबिणी काही नाही तिथे. मी चपला घालून जाते आणि चपला घालूनच येते.

तुझी
नूरी


सडकटोला, ता. कुरखेडा,
१९ जून २०२५

नूरीला रुखमाचा रामराम.

दार लावलं होतं, पण खिडकी राहिली. रीताने पाहिलंच. मी म्हटलं, बिलाचा कागद आहे. बिल वाचून आजी हसते कशी, असं विचारून ती गेली.

मुलगा मला बरा वाटतो. माझी काही हरकत नाही, हे आधीच लिहून ठेवते. पण यांच्यापुढे काय करू? जेवायला बसले होते. मी म्हटलं, मुलगा टापू गावचा आहे. यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. पाण्यापलीकडे पोरगी द्यायची नाही, असं यांचं पक्कं आहे. आता तूच सांग, बेटावर पोरगी द्यायची म्हणजे डोळे उघडे ठेवून पाण्यात ढकलायचीच की.

यांच्या बहिणीचं तुला माहीत आहे. वैनगंगेच्या पल्याड दिली होती. सासूबाई गेल्या तो आषाढ होता. निरोप गेला, ती निघाली, पण मधे पाणी आडवं आलं. ती घरात पाय ठेवेपर्यंत राखसुद्धा सावडून झाली होती. तेव्हापासून या घरात पाणी म्हटलं की विषय बदलतो.

म्हणून मला नीट चौकशी करून कळव. ते टापू खरंच टापू आहे का? नसेल तर मग नाव का पडलं? विनाकारण कुणी आपल्या गावाला टापू म्हणत नाही. आमचं गाव बघ, नावातच सडक आहे. आडपडदा नाही.

तुझी
रुखमा


मूल,
२ जुलै २०२५

रुखमे,

तुझ्यापायी मी या वयात तपासणी अधिकारी झाले. नबीलला दुकान बंद करायला लावलं आणि मोटरसायकलवर मागे बसून टापूला गेले. त्याच्या बायकोने, अंजुमने, डबा दिला. तो दोघांनी वाटेतच संपवला.

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरून आत वळतात, तिथे चहाची टपरी आहे. टपरीवाल्याला विचारलं, टापूला टापू का म्हणतात? तो म्हणाला की पूर्वी गावाभोवती नदी होती, गावकरी तिला काहीतरी वाईट बोलले म्हणून ती रुसून निघून गेली. काय बोलले ते त्याला माहीत नव्हतं. शाळेतले गुरुजी भेटले. त्यांचं म्हणणं, चारी बाजूंनी जंगल आणि मधे गाव, म्हणून कुण्या जंगलवाल्या साहेबाने तसं नाव दिलं असणार. एक म्हातारी म्हणाली, मोठा पूर आला तेव्हा एवढाच तुकडा वर राहिला आणि त्यावर एक वाघ आणि एक बकरी शेजारी शेजारी बसून होते. मी विचारलं, मग बकरीचं काय झालं? ती म्हणाली, पूर उतरला की जे व्हायचं ते झालं.

गावात शिरले आणि बघते तर काय! नानाजींच्या अंगणात डोंगा. चांगला पत्र्याचा, पाच-सहा माणसं पाण्यातून नेईल एवढा मोठा, सरकारी आकडे घातलेला. म्हटलं, रुखमाचा नवरा खरा ठरला. जवळ गेले तर डोंगा उपडा, आणि खालून कोंबड्या बाहेर आल्या.

पूर येणाऱ्या गावांच्या यादीत कुणीतरी टापू हे नाव पाहिलं आणि न विचारता डोंगा पाठवून दिला. ट्रॅक्टरवरून आला तो. वरून पाऊस पडतो तेवढंच पाणी त्याला ठाऊक. त्या गावात डोंगा चालवता येणारा एकही माणूस नाही.

मग नानाजींनी खरं सांगितलं. म्हातारा दारातल्या खाटेवर बसला होता, डोळे मिचकावत. म्हणाला, "पानी कुठी आहे बाई इथी? मालगुजाराचा मानूस बिगारीले लोकं न्याले यायचा. आमच्या आज्यानं त्याले सांगतलं, पावसाळ्यात इथी चारी कडून पानी रायते, येऊ नोका. त्याले पाय भिजवाले जीवावर यायचं. त्यानं तिथूनच कागदावर टापू लिवलं अन् परत गेला."

म्हणजे गाव कोरडं आणि नाव ओलं. बिगार चुकली, जमीनदाराकडे फुकट राबणं टळलं, गावाने मजा केली. मालगुजारी गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आता मुलीचे बाप नाव ऐकून टपरीवरूनच परत फिरतात. प्रणितला असाच दोन-तीन ठिकाणांहून नकार मिळाला आहे. नानाजी हसत हसत सांगत होते, पण शेवटी म्हणाले, "आज्यानं मालगुजाराले अडवलं, आता नातसूनच अडून बसली." ते हसू मला काही बरं वाटलं नाही.

आता सोमाजीभाऊंना सांग. बेट नाही, बेट नाही, बेट नाही.

नूरी


सडकटोला,
११ जुलै २०२५

नूरी,

धानाचं रोवणं सुरू आहे. हात चिखलाचे आहेत म्हणून कागदावर डाग दिसतील, वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ज्यांनी मालगुजाराला फसवलं ते आपल्याला सोडतील होय? मी खूप समजावलं. पण तुला यांचा स्वभाव माहीत आहे, बाहेरून गरीब आणि आतून दगड. यांचं म्हणणं असं की तू गेलीस तेव्हा पाऊस नव्हता. चपला घालून उन्हाळ्यात कुणीही कुठेही जाईल. भर पावसात त्या मुलाने टापूवरून निघून कोरड्या पायांनी आमच्या दारात येऊन दाखवावं. मग पोरगी पाहावी, मग पुढचं बोलू.

हे सगळं त्यांचं म्हणणं आहे, माझं नाही. मला मेलीला कोण विचारतं?

रीताने तुझं पत्र तांदळाच्या डब्यामागून शोधून काढलं. वाघ-बकरीचं वाचून पोट धरून हसली. आधीच्या पाकिटातला मुलाचा फोटो कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि मी शोधतही नाही.

तुझी
रुखमा


मूल,
१८ ऑगस्ट २०२५

रुखमे,

मुलगी पाहायला आलो त्या दिवशी तुझ्या काठावर काय झालं ते तू पाहिलंस. आता आमच्या काठावरचं ऐक.

तू पाऊस मागितलास आणि वरच्याने मनापासून दिला. त्या सकाळी झड लागली होती, समोरचं झाड दिसत नव्हतं. प्रणित नानाजींना घेऊन टापूवरून निघाला आणि वेळेवर माझ्या दुकानापुढे हजर. मी आधी त्याचे पाय पाहिले. बूट कोरडे, पांढऱ्या शर्टावर शिंतोडा नाही. म्हटलं, जिंकलो. जीप केली. वैनगंगा पुलावरून ओलांडली, आरमोरी गेली, कुरखेडा आलं, कुठे अडचण नाही. नानाजी पुढे बसून गाणं म्हणत होते.

कुरखेड्याच्या पुढे जीपवाल्याने विचारलं, जायचं कुठे? मी म्हटलं, सडकटोल्याला, सडकेने चल. तो हसायलाच लागला. म्हणाला, "बाई, सडकटोल्याले सडक कुठी आहे? मोजनी झाली होती, मंग सडक दुसऱ्याच गावाले गेली. नाव राह्यलं." आणि त्याने जीप आणून नाल्यावर उभी केली.

रुखमे, तो नाला? मी इतकी वर्षं तुझ्याकडे येते ती नाटकांच्या दिवसांत, थंडीत. तेव्हा तिथे पोरं क्रिकेट खेळतात. त्या दिवशी तिथून अख्खं झाड वाहत चाललं होतं. त्या काठावर छत्री धरून तुम्ही तिघं, या काठावर आम्ही तिघं, आणि मधे तो लाल गढूळ लोंढा. तू तोंडातून एवढ्या दिवसांत ब्र काढला नाहीस.

मुलगी पाहण्याचे कार्यक्रम मी बरेच पाहिले, पण असा नाही. नानाजींनी रीतीप्रमाणे नाव विचारलं. रीताने असं खणखणीत ओरडून सांगितलं की नानाजी खूश झाले, म्हणाले की ही बांधावरून हाक मारेल ती घरात ऐकू येईल. मग तिनेच ओरडून प्रणितला विचारलं, "तुमच्या टापूत पानी किती आहे?" तो बापडा लाजला, पण ओरडला, "हातपंपापुरतं." तुझा नवरा छत्री सोडून टाळ्या वाजवत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू मात्र डबा डोक्यावर उंच धरून उभी होतीस. त्यात काय होतं? आम्ही कुरखेड्यात येऊन बिस्किटं खाल्ली.

आता वाईट बातमी. जीपमध्ये बसल्यावर नानाजी बदलले. नातवाला बेटावरची मुलगी करायची नाही म्हणतात. टापूवाल्यांकडून नकार आला आहे, रुखमे. बेटावर राहता म्हणून.

नूरी


सडकटोला,
२४ ऑगस्ट २०२५

श्रीमती नूरीबाई यांस सोमाजीचा नमस्कार.

पोळा बरा झाला. बैल बरे आहेत. मी पत्र लिहिणारा माणूस नाही. फोन करणार होतो, पण आमच्या फोनचा स्पीकर बंद कसा करतात ते मला माहीत नाही, आणि हे सगळ्यांनी ऐकायचं नाही.

रीताने मला तुमची सगळी पत्रं दाखवली. रुखमा लिहिते तेही ती मागून वाचते, त्यात माझ्या नावावर बरंच काही आहे म्हणाली. मी ताट सरकवलं हे खरं आहे. त्या दिवशी भाजीत मीठ फार होतं. टापूबद्दल मी एक शब्द बोललो नाही. मालगुजाराला फसवल्याचं मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर त्याच दिवशी होकार कळवला असता, अशा हुशार लोकांशी सोयरीक कोण सोडेल?

माझ्या बहिणीची गोष्टही अर्धीच सांगितली आहे. वैनगंगेने तिला अडवलं नाही. डोंग्यातून नदी पार करून ती त्याच दिवशी आली. अडली ती आमच्या नाल्यावर. ती त्या काठाला, रुखमा या काठाला. दिवसभर दोघी समोरासमोर उभ्या होत्या. पाणी यंदाहून मोठं, आवाज एवढा की आई कशी गेली, शेवटी काय म्हणाली, काही सांगता आलं नाही. रुखमाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

तिला टापूचं भय नाही. तिला या नाल्याचं भय आहे. पोरगी कुठेही दिली तरी परत येताना वाटेत हाच येणार.

मी हे लिहिलं असं तिला सांगू नका.

आपला
सोमाजी


सडकटोला,
३० ऑगस्ट २०२५

नूरी,

यांनी तुला पत्र लिहिलं ते मला कळलं. पाकिटाला लावायला गोंद माझ्याकडेच मागितला. आणि त्या दिवशी डब्यात आयते होते, तांदळाच्या पिठाचे, गरम. शेवटी यांनीच खाल्ले.

त्या नानाजींना माझा निरोप दे. म्हणावं, बेट म्हणजे काय ते आधी समजून घ्या. बेटाच्या चारी बाजूंनी पाणी असतं. आमच्या तीन बाजूंनी नाला आहे आणि चौथ्या बाजूला जंगल. जंगलातून पायवाट आहे. वाघ आहे, पण तो रोज नसतो. नाला चार दिवसांत उतरतो, फार तर आठ. बाकी वर्षभर आमच्याकडे कुणीही चपला घालून यावं आणि चपला घालून जावं. तुमच्या गावाचं नाव टापू, आमच्या गावाचं नाव सडकटोला, आता जगाला विचारा कोण बेटावर राहतं. आणि ज्यांच्या दारात सरकारी डोंगा आहे त्यांनी दुसऱ्याला बेट म्हणावं, याला काय म्हणायचं? माझी नात काय रस्त्यावर पडली आहे? तिच्यासारखी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही. पण टापूचं घर चांगलं आहे, मुलगा गुणाचा आहे, एवढ्या पावसात शब्द पाळून आला. असं स्थळ नाल्यापायी सोडायचं म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे.

एवढं लिहून मी थांबले. रीता मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "आजी, हे तू कोनाले सांगून राह्यली? नानाजीले का सोताले?"

मग मी रडले, नूरी. पोरगी सांभाळली, वेण्या घातल्या, आता ती जाणार, आणि कधी मी आजारी पडले तर ती त्या काठावर उभी असेल आणि मी या खाटेवर. माझ्या नणंदेचं तोंड मला अजून दिसतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, यांच्या नावावर ढकललं. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

पण माझ्या भीतीपायी पोरीला घरात बसवणं बरं नव्हे. आमच्याकडून होकार आहे. माझा, यांचा नाही. यांचा तर आधीपासूनच होता म्हणे. नानाजींना कसंही करून मनव.

तुझी
रुखमा


मूल,
१० सप्टेंबर २०२५

रुखमे,

मनवायचं काही नाही. नानाजींनी नकार दिलाच नव्हता. जीपमध्ये बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरगी माहेरी जाईन कशी?" नकार मी माझ्या पदरचा घातला. शाळेपासून पाहते आहे, तुला साधेपणाने विचारलं तर टोलवतेस आणि भांडायला लागलीस की खरं बोलतेस. रागव, पण पुढचं वाचून मग रागव.

तो प्रश्न म्हाताऱ्याच्या डोक्यातून जाईना. मागच्या आठवड्यात मी टापूला गेले तर अंगणात कोंबड्या सैरावैरा धावत होत्या आणि डोंगा सरळ करून ठेवलेला. सगळं गाव भोवती. डोंगा पाण्यात सोडून पाहायला टापूत पाणी नाही, म्हणून त्यांनी डोंग्यातच पाणी भरलं. दिवसभर पाहिलं, बाहेर गळलं नाही. बाहेर गळत नाही म्हणजे आतही येणार नाही, असं सर्वांनी ठरवलं. मी त्यांच्या तोंडाला लागले नाही, पण प्रणितला सांगितलं की तू मूलच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांकडे नेऊन एकदा तपासून घे. त्याने नेला. तरंगतो. आता तो तिथेच वल्हवायला शिकतो आहे. दोनदा पडला, पण पोहता येतं त्याला, घाबरू नकोस.

रविवारी डोंगा ट्रॅक्टरवरून सडकटोल्याला येतो आहे. तो तुमच्याच नाल्यावर राहील. या काठाच्या झाडापासून त्या काठाच्या झाडापर्यंत जाड दोर बांधायचा, दोर धरून पलीकडे जायचं. लोंढा असेल त्या दिवशी कुणी पाण्यात उतरायचं नाही, पाणी जरा बसलं की निघायचं, हे नानाजींनी तीनदा बजावलं आहे. तुझ्या आठ दिवसांचा एखादा दिवस झाला तरी पुष्कळ आहे. दुसरं देणंघेणं त्यांना करायचं नाही.

मी विचारलं, नानाजी, उद्या कुणी साहेब आला आणि टापूचा डोंगा कुठे आहे म्हणाला तर? म्हाताऱ्याने डोळे मिचकावले आणि म्हणाला, "सांगू त्याले, टापूसाठी देला होता, टापूवर नेऊन देला."

रीताच्या हाताचं माप मला पाठ आहे; तुझ्या नणंदेलाही बोलावून घे, तिच्याही हातात मी बांगड्या भरीन. मी त्याच डोंग्यातून येते. तू आयते कर आणि काठावर उभी राहा. डबा डोक्यावर धरू नकोस, आणि घसा फोडू नकोस. काय सांगायचं ते मी उतरल्यावर सांग, हळू आवाजात.

तुझी
नूरी